स्कॉटिश टोपी रोजच्या कपड्यांवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा साताऱ्याचा. चौदा वर्षं झाली ग्लासगोत राहतो, आणि त्यातली बारा वर्षं ऑक्टोबर ते एप्रिल माझ्या डोक्यावर निळं बॉनेट, म्हणजे इथली लोकरीची गोल टोपी, असतं. किल्ट (पुरुषांचा चुण्यांचा, गुडघ्यापर्यंतचा घागरा) मी आयुष्यात दोनदाच नेसलो, दोन्ही वेळा मित्रांच्या लग्नात. टोपी मात्र रोजची: जीन्सवर, ऑफिसच्या कोटावर, कचरा टाकायला जाताना ट्रॅकपँटवरसुद्धा. भारतातून येणारे पाहुणे, इथले मराठी मित्र आणि व्हिडिओ कॉलवर आई, सगळे तेच तेच विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

स्कॉटिश टोपी म्हणजे नक्की कोणती? फोटोत तर दरवेळी वेगळी दिसते.

मुख्य तीन. बॅल्मोरल ही गोल, चपटी, भाकरीसारखी. कपाळाभोवती पट्टी, वर मधोमध लोकरीचा गोंडा, डाव्या बाजूला फितीचं फूल आणि मागे दोन फिती. टॅम ओ'शँटर तिचीच बहीण, पण वरचा घेर जास्त मोठा आणि मऊ, आणि बहुतेकदा फिती नसतात. बोलताना लोक नुसतं टॅम किंवा टॅमी म्हणतात. तिसरी ग्लेनगॅरी. ती होडीसारखी लांबट, घडी पडणारी, मागे फिती लोंबणारी. बॅगपाइपवाल्यांच्या डोक्यावर दिसते ती हीच. आपल्या गांधी टोपीला जाड लोकरीत शिवून वर गोंडा लावला तर कशी दिसेल, तसं डोळ्यांसमोर आणा.

गोंड्याला इथे टूरी म्हणतात. दुकानात हा शब्द वापरलात तर दुकानदार जरा नीट बोलतो.

याशिवाय शेटलंड बेटांवरची विणलेली नक्षीदार टोपी आहे आणि ट्वीडची, म्हणजे जाड खरखरीत लोकरी कापडाची, सपाट टोपी आहे. त्यांच्याबद्दल पुढे येईल.

या सगळ्यांचं मूळ एकच का?

बॅल्मोरल, टॅम आणि ग्लेनगॅरी यांचं मूळ एकच, साधं निळं बॉनेट. दोन-तीनशे वर्षं स्कॉटलंडचा शेतकरी, विणकर, मेंढपाळ याच टोपीने ओळखला जायचा. सतराव्या शतकातल्या धर्मयुद्धांत कव्हेनंटर (राजाने लादलेली धर्मपद्धत नाकारणारे स्कॉटिश प्रोटेस्टंट) सैनिकांच्या डोक्यावर हीच होती आणि स्कॉटिश फौजेला 'ब्लू बॉनेट्स' असंच म्हणत. ती बनवणाऱ्यांचा धंदाही जुना. डंडी शहरातल्या बॉनेटवाल्यांचा संघ १४९६ सालचा. एअरशरमधल्या स्ट्यूअर्टन गावाला अजून 'बॉनेट टून' म्हणतात, आणि शेजारच्या किल्मार्नक गावाच्या नावाची टोपी ब्रिटिश सैन्यातल्या गुरखा पलटणी आजही घालतात. ती काळी, डबीसारखी गोल टोपी.

मला सगळ्यात आवडते ती हिची कृती. टोपी आधी विणायची, पण डोक्याच्या मापापेक्षा बरीच मोठी. मग ती ओल्यात मळायची, चेपायची, रगडायची. लोकर आकसते, टाके एकमेकांत मिसळून दिसेनासे होतात आणि जाजमासारखं घट्ट कापड तयार होतं. त्यातून वारा सहसा जात नाही आणि भुरभुर पाऊस वरच राहतो. निळा रंग आधी वोड नावाच्या युरोपातल्या झाडाचा असायचा. पुढे नीळ आली. युरोपात ती आधी हिंदुस्थानातून आणि नंतर अमेरिकेतल्या मळ्यांतूनही जायची. म्हणजे ग्लासगोच्या बसस्टॉपवर माझी टोपी दिसते तेवढी परकी नाही.

ग्लेनगॅरी, बॅल्मोरल ही नावं कुठून आली?

ग्लेनगॅरी हे हायलँडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, एका खोऱ्याचं नाव. तिथला मॅकडॉनेल सरदार एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी टोपी घालायचा आणि त्यानेच ती चालू केली असं सांगतात. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला. त्या स्वागताची सगळी आखणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने केली आणि तेव्हापासून हायलँड पोशाखाची जी लाट उठली ती अजून ओसरलेली नाही. १८६८ पासून पुढची काही दशकं तर ब्रिटिश पायदळातल्या बहुतेक पलटणी, इंग्लिशसुद्धा, रोजच्या कामाला ग्लेनगॅरीच घालत.

बॅल्मोरल हे व्हिक्टोरिया राणीच्या अ‍ॅबरडीनशरमधल्या वाड्याचं नाव. तो १८५२ मध्ये राजघराण्याने विकत घेतला. टोपी त्याहून कितीतरी जुनी, नाव तेवढं राजवाड्याचं.

टॅम ओ'शँटर हा रॉबर्ट बर्न्सच्या १७९० च्या कवितेतला शेतकरी. बाजाराच्या दिवशी भरपूर पिऊन भर वादळात घोडीवरून घरी निघतो, आपलं निळं बॉनेट हाताने धरून. वाटेत अ‍ॅलोवेच्या पडक्या चर्चमध्ये चेटकिणींचा नाच बघतो आणि त्याच्या मागे चेटकिणी लागतात. तो सुटतो, पण घोडीची शेपटी त्यांच्या हातात राहते. टोपी शाबूत राहते. पुढे लोकांनी टोपीलाच त्याचं नाव दिलं. कवितेनंतर सव्वाशे वर्षांनी, १९१५ मध्ये, खंदकातल्या स्कॉटिश पलटणींना खाकी रंगाचे टॅम मिळाले. दारुड्या शेतकऱ्याचं नाव सैन्याच्या यादीत गेलं ते असं.

रोजच्या कपड्यांवर ही टोपी नाटकातली वाटत नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नाटकातली वाटते ती तिच्याबरोबर आणखी चार गोष्टी आल्या की. टोपी, किल्ट, स्पोरन (कमरेपुढची पिशवी), गुडघ्यापर्यंत मोजे असं सगळं चढवून भाजी आणायला गेलात तर लोक बॅगपाइप कुठे आहे विचारतील. नुसती टोपी असेल तर ती टोपी असते. अठराव्या शतकातला एअरशरचा शेतकरी किल्ट नेसत नव्हता. तो विजार, जाडाभरडा कोट आणि बॉनेट घालून नांगर धरायचा. बॉनेट आणि किल्ट ही जोडी समारंभाने लावली, शेताने नाही.

इथे 'बॉनेट लेअर्ड' असा जुना शब्दप्रयोग आहे. स्वतःची थोडीशी जमीन स्वतःच कसणारा मालक. मोठे जमीनदार काठाची हॅट घालत आणि हा आपल्या गड्यांसारखंच बॉनेट, म्हणून ते नाव पडलं. म्हणजे बॉनेट ही कष्टाची टोपी होती. आपल्याकडे शेतावरच्या पागोट्याचं काय झालं आठवा. पणजोबा उन्हात जे रोज डोक्याला गुंडाळायचे, ते आता बँडवाला आला की भाड्याने बांधून मिळतं, आणि एरवी कुणी बांधलं तर आपण विचारतो, "काय, लग्न वगैरे?" इकडेही हेच झालं. त्यामुळे तुम्ही जीन्सवर बॉनेट घालता तेव्हा परंपरा मोडत नाही. उलट मधली दोनशे वर्षांची नटवेगिरी तेवढी वगळता.

एक गंमत. हद्दपार स्ट्यूअर्ट घराण्याला गादीवर बसवायला उठलेलं १७४५ चं बंड मोडल्यावर सरकारने १७४६ च्या कायद्याने हायलँड पोशाखावर बंदी घातली. ती १७८२ पर्यंत टिकली. त्यात प्लेड (अंगावर लपेटायची लोकरी चादर), छोटा किल्ट, ट्रूज (घट्ट विजार) आणि खांद्याचे पट्टे यांची नावं घेतली आहेत. बॉनेटचं नाव नाही. खालच्या प्रदेशातला राजनिष्ठ शेतकरीसुद्धा तेच घालायचा, त्याच्या डोक्यावर बंदी कशी घालणार?

मी स्कॉटिश नाही. माझ्या डोक्यावर बघून कुणी दुखावेल का?

बारा वर्षांत साध्या बॉनेटवरून मला एकदाही कुणी वाकडं बोललं नाही. "नाइस बनेट, पाल" हे मात्र अनेकदा, आणि शनिवारी रात्री जरा जास्त मोठ्याने. टोपी सगळ्यांची आहे. हुद्द्याच्या, घराण्याच्या आणि पलटणीच्या खुणा सगळ्यांच्या नाहीत. हा फरक कळला की निम्मे प्रश्न संपतात. पुढच्या तीन-चार उत्तरांत त्या खुणाच आहेत.

टोपीवरची चौकटींची पट्टी कसली? लाल-पांढरी छान दिसते, ती घेऊ का?

माझी पहिली टोपी तीच होती. पर्यटकांच्या रस्त्यावरच्या एका दुकानातून घेतलेली लाल-पांढऱ्या चौकटींची ग्लेनगॅरी. दुसऱ्याच आठवड्यात बसस्टॉपवर एक म्हातारे गृहस्थ जवळ आले आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "आर्गिल्समध्ये होतास का, मुला?" त्यांचा मोठा भाऊ त्या पलटणीत होता. मी नाही म्हटलं. ते काही बोलले नाहीत, फक्त टोपीकडे बघत राहिले. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

लाल-पांढऱ्या चौकटी म्हटलं की इथल्या लोकांना आर्गिल अँड सदरलंड हायलँडर्स आठवतात. इतर पलटणींच्या चौकटींत हिरवा किंवा निळा रंगही यायचा. ब्लॅक वॉच आणि कॅमरन हायलँडर्स यांची ग्लेनगॅरी मात्र कोरी, बिनचौकटीची. चौकटी घालणं बेकायदा नाही. बाजारात सर्रास मिळतात आणि पुष्कळ नागरी पाइप बँडही घालतात. पण रोज घालायची असेल तर कोरी गडद निळी किंवा काळी घ्या. कोटावर तीच जास्त चांगली दिसते, आणि कुणाचा भाऊ आठवत नाही.

याच चौकटी पोलिसांच्या टोपीवर आल्या त्या ग्लासगोमुळे. १९३२ मध्ये इथले मुख्य पोलीस अधिकारी पर्सी सिलिटो यांनी शिपायांच्या टोप्यांना काळ्या-पांढऱ्या चौकटींची पट्टी लावली. गर्दीत पोलीस लांबून ओळखू यावा म्हणून. ती पट्टी पुढे सगळ्या ब्रिटनभर आणि ऑस्ट्रेलियापर्यंत गेली. नावही पडलं, 'सिलिटो टार्टन'. टार्टन म्हणजे स्कॉटिश रंगीत चौकटींचं कापड.

डाव्या बाजूला, फितीच्या फुलावर, बिल्ला म्हणून मी काय लावू? आमचं काही कुळ नाही.

कुळ नाही कसं, आपली शहाण्णव आहेत! पण इथली पद्धत वेगळी आहे. पट्टा आणि बकल यांच्या गोलात प्राण्याचं किंवा हाताचं चिन्ह असतं, तो कुळाच्या अनुयायाचा बिल्ला. मधलं चिन्ह कुळप्रमुखाचं असतं आणि ते लावणं म्हणजे "मी यांचा माणूस" असं सांगणं. कॅम्पबेल नसताना कॅम्पबेलचा बिल्ला लावलात तर तुरुंगात कुणी टाकणार नाही, पण कुणीतरी तुमचं गाव नक्की विचारेल.

बिल्ल्यामागची गरुडाची पिसं हा त्याहून नाजूक मामला. तीन पिसं कुळप्रमुखाची, दोन त्याखालच्या शाखाप्रमुखाची, एक ज्याला अधिकृत मानचिन्ह मिळालंय त्याची. इतरांनी पीस लावायचं नाही. कोंबडीचंसुद्धा नको, लांबून फरक कळत नाही.

काहीच न लावणं पूर्ण चालतं. फितीचं काळं फूल नुसतंही छान दिसतं. लावायचंच असेल तर काटेरी थिसलचं फूल किंवा सेंट अँड्र्यूचा तिरपा क्रॉस, हे सगळ्या देशाचे. जुन्या पद्धतीप्रमाणे झाडाची डहाळीही खोचतात. मॅकडॉनल्डांची खूण म्हणजे हेदर, जांभळ्या फुलांचं डोंगरी झुडूप, पण ऑगस्टमध्ये डोंगरावर गेल्यावर हेदरचा तुरा सगळेच खोचतात. माझ्या बॉनेटवर आजीच्या चोळीचं चांदीचं बटण आहे. आतापर्यंत तिघांनी ते कुठल्या कुळाचं म्हणून विचारलं.

फुलाच्या रंगाचाही इतिहास आहे. १७४५ मध्ये पांढरं फूल म्हणजे बंडखोर जॅकोबाइट, काळं म्हणजे हॅनोव्हरच्या राजाचा पक्ष. आज दुकानातल्या बहुतेक बॉनेटांवर काळंच असतं आणि त्यावरून कुणी तुमचं राजकारण ठरवत नाही.

सैनिकांच्या टॅमवर लाल पिसांचा तुरा दिसतो. तो विकत मिळतो. लावू का?

नाही. लाल तुरा ब्लॅक वॉचचा. २००६ मध्ये जुन्या पलटणी एकत्र करून रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड झाली, तरी ब्लॅक वॉचने आपला लाल तुरा टिकवला. तो नेमका कशासाठी टिकवला असेल याचा विचार केला की उत्तर मिळतं. आपल्याकडे कुणी न मिळवलेलं पदक लावून फिरला तर आपण काय म्हणू?

ठीक आहे, आता सांगा, घालायची कशी?

बॅल्मोरलची पट्टी कपाळावर सरळ आणि आडवी, भुवईच्या साधारण दोन बोटं वर. मग वरचा घेर उजवीकडे ओढा आणि खाली दाबा. बिल्ल्याची डावी बाजू उभी राहते, उजवी कानाकडे झुकते. आरशात पाहून पाच मिनिटं खेळा. नवं बॉनेट पुठ्ठ्यासारखं ताठ असतं. एकदा ओलं करून, डोक्याला बसवून तसंच वाळू द्या, की ते तुमचं होतं.

मागे सरकवून, कपाळ उघडं टाकून घालू नका. शाळेतल्या गॅदरिंगचा वेटर दिसतो. अनुभव आहे.

ग्लेनगॅरीचं पुढचं टोक नाकाच्या रेषेच्या किंचित उजवीकडे, आणि टोपी उजव्या भुवईकडे कललेली. ती डोक्यावर ठेवायची असते, बसवायची नसते. म्हणून वाऱ्यात उडते. आणि कान दोन्ही उघडे राहतात, हे विकत घेण्याआधी मला कुणी सांगितलं नव्हतं.

मागच्या फिती बांधायच्या की लोंबू द्यायच्या?

मुळात त्या टोपी डोक्याला घट्ट करायला होत्या, आतल्या नाडीसारख्या. आज दोन्ही चालतं. ऑफिसला जाताना मी गाठ मारून आत खोचतो, नाहीतर लिफ्टमध्ये मागच्या माणसाला गुदगुल्या होतात.

कोणत्या कपड्यांवर कोणती?

निळं किंवा काळं बॅल्मोरल लोकरीच्या लांब कोटावर, मेणकापडाच्या जॅकेटवर, जाड स्वेटरवर, जीन्स-बुटांवर, सगळीकडे जातं. जमत नाही ते चकचकीत नायलॉनच्या फुगीर जॅकेटवर. लोकरीला लोकर, सूत, चामडं मानवतं, प्लास्टिकशी तिचं पटत नाही. लाल गोंडा नजरेत भरतो, म्हणून बाकी रंग शांत ठेवा किंवा निळ्या गोंड्याचं घ्या.

ग्लेनगॅरीचा बाज लष्करी. अंगरख्यालाही पितळी बटणं असली की माणूस गणवेशातला वाटतो. ती मऊ कोटावर आणि गळ्यात मफलर असताना चांगली. नेहरू जॅकेटवर फार छान बसते. दोघांच्या रेषा सरळ, उभ्या. दिवाळीच्या कार्यक्रमाला मी तसाच जातो आणि दरवर्षी कुणीतरी काका विचारतात, "ही कुठली टोपी, आझाद हिंदची का?" आकार खरंच जवळचा आहे. घडीच्या टोप्या सगळ्या दूरच्या नात्यातल्या.

खाकी टॅम टाळा, तो पलटणीचा. करडा, तपकिरी, शेवाळी घ्या.

बायका घालतात का?

टॅम तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून बायकांच्या फॅशनमध्ये आहे, आणि माझ्या मते तो पुरुषांपेक्षा त्यांनाच शोभतो. अंबाडा असेल तर मोठ्या घेराचा घ्या, सगळे केस आत राहतात. बायको हिवाळ्यात साडीवर ओव्हरकोट आणि मोरपंखी टॅम घालून कार्यक्रमांना येते. हॉलच्या दारात एक पिशवी काढते, टॅम आत, गजरा बाहेर. ग्लासगोच्या पावसात गजरा वाचवायचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

टार्टनच्या कापडाची टोपी घेऊ का?

टार्टन कुणीही घालावं, कायदा आड येत नाही. सगळ्यांनी घालावेत असे काही आहेतच: ब्लॅक वॉच, हंटिंग स्ट्यूअर्ट, कॅलेडोनिया. पण रोजच्या टोपीसाठी मी नकोच म्हणेन. शर्ट किंवा मफलर टार्टनचा असेल तर टोपी कोरी हवी. आणि टार्टनचा टॅम दिसला की इथल्या लोकांना जिमी हॅट आठवते. लाल टार्टनची टोपी आणि तिच्या खालून लोंबणारे नारिंगी खोटे केस. फुटबॉलच्या सामन्याला 'टार्टन आर्मी' म्हणवणारे चाहते ती मुद्दाम, स्वतःची चेष्टा म्हणून घालतात. त्यांनी घालावी. बाहेरून आलेल्या माणसाने तोच विनोद सांगितला की तो वेगळा ऐकू येतो. सासरच्या माणसांची नक्कल सासरच्यांनीच करावी तसं.

'बनेट' मागितलं तर दुकानदाराने भलतीच टोपी दिली. का?

ग्लासगोत नुसतं 'बनेट' म्हटलं की बहुतेक वेळा समोर छोटी चोच असलेली ट्वीडची सपाट टोपी. सेल्टिक फुटबॉल क्लब १९९४ मध्ये बुडायला आला होता. फर्गस मॅकॅन कॅनडाहून आले, त्यांनी तो वाचवला, आणि डोक्यावर कायम अशी टोपी म्हणून चाहत्यांनी त्यांचं नावच 'द बनेट' ठेवलं.

ज्याला कुणाच्याही नजरेत भरायचं नाही, त्याने हीच घ्यावी. तीही तितकीच इथली. हॅरिस ट्वीडची मिळाली तर उत्तम. १९९३ च्या कायद्याप्रमाणे ते कापड आउटर हेब्रिडीज बेटांवरच्या लोकांनी स्वतःच्या घरी हातमागावर विणलेलं असावं लागतं, आणि लोकरीची कताई-रंगाईही तिथेच. आत गोल आणि क्रॉसची छापील चिठ्ठी शोधा. जवळून पाहिलं तर एका तपकिरीत सहा रंग सापडतात.

आणि शेटलंडची नक्षीदार टोपी?

तिला तिकडे केप म्हणतात. कोळ्यांची टोपी, फेअर आयल बेटाच्या नक्षीची, एका ओळीत दोनच रंग. यात चूक होण्यासारखं काही नाही. डोक्यावर ओढा आणि चालू लागा. विणकाम येत असेल तर शेटलंड वुल वीकसाठी दरवर्षी नवा टोपीचा नमुना निघतो, तो करून बघा.

पावसात चालते का?

भुरभुर पावसात उत्तम. मुसळधारेत भिजते, जड होते आणि ओल्या मेंढीचा वास येतो. चोच नसल्यामुळे चष्म्यावर थेंब येतात, याला उपाय नाही, रुमाल ठेवा. रंगाची खात्री असल्याशिवाय पांढऱ्या शर्टावर घालू नका. ती पहिली ग्लेनगॅरी पहिल्याच जोराच्या पावसात सुटली आणि मी निळं कपाळ घेऊन मीटिंगला गेलो. समोरच्याने काही धार्मिक असेल म्हणून विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

माप कसं घ्यायचं?

शिंप्याची टेप भुवईच्या वर आणि कानांच्या वरून फिरवा, सेंटिमीटरमध्ये लिहा, आणि दुकानाला सेंटिमीटरच सांगा. ५७ सेंटिमीटर म्हणजे ब्रिटिश ७ आणि अमेरिकन ७⅛. हा एक अष्टमांशाचा घोळ न कळल्याने अमेरिकेतल्या माझ्या चुलतभावाची टोपी दोनदा परत आली. दोन मापांच्या मध्ये असाल तर मोठी घ्या, आत पट्टी लावता येते. मागे फिती असतील तर तेवढीही गरज नाही.

घ्यायची कुठून? ऑनलाइन फार स्वस्त मिळतात.

स्वस्त हायलँड पोशाख बराचसा पाकिस्तानातल्या सियालकोटहून येतो. बॅगपाइपसुद्धा तिथे मोठ्या संख्येने बनतात. तिथला म्हणून वाईट असं नाही, तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हे काम करताहेत. पण सगळ्यात कमी किमतीच्या मालात लोकरीऐवजी ॲक्रिलिक असतं आणि ते मळून घट्ट होत नाही. हातात घेऊन बघा: लोकर असेल तर चुरगळून सोडल्यावर हळूहळू पूर्ववत होते. आतलं अस्तर आणि घाम टिपायची पट्टी बघा. पांढऱ्या ओल्या रुमालाने आतून घासा, रंग लागला तर परत ठेवा. आणि जुन्या कपड्यांची दुकानं विसरू नका. माझं आताचं बॉनेट धर्मादाय दुकानातलं, त्यावर कुणा शहाण्याचे पंधरा-वीस हिवाळे आधीच झाले होते.

धुवायची कशी?

शक्यतो नाहीच. वाळल्यावर ब्रश. धुवायचीच तर थंड पाण्यात, लोकरीच्या साबणाने, न पिळता. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा आणि वरच्या घेरात जेवणाची ताटली घालून वाळवा, आकार राहतो. गरम पाणी लागलं तर बॉनेट बाळाचं होईल. मळून आकसण्याची ती जुनी कृती तुमच्या वॉशिंग मशीनलाही येते.

उन्हाळ्यात कसर लागते. धुऊन, पूर्ण वाळवून, बंद पिशवीत ठेवा. डांबरगोळ्या घातल्या तर ऑक्टोबरमध्ये बस रिकामी होईल. आई वाळलेला कडुलिंब पाठवते, तो बरा.

आत गेल्यावर काढायची का?

पुरुषांनी काढावी. चर्चमध्ये, जेवणाच्या टेबलावर, कुणाच्या घरी. बायकांनी ठेवली तरी चालते. काही पबमध्ये दारावरच पाटी असते. वाजवत असलेला पाइपर ठेवतो, तो गणवेशाचा भाग. देवळात आपण डोकं झाकतो ते इथे उलट, एवढं लक्षात ठेवलं की झालं. ग्लासगोतल्या गुरुद्वाऱ्यात मात्र माझं बॉनेट डोक्यावरच राहिलं आणि दारातल्या सरदारजींनी वेगळा रुमाल दिला नाही.

मुलीचं एडिंबरा विद्यापीठात पदवीदान आहे. तिथे डोक्याला टेकवतात ती टोपी हीच का?

नाही, ते 'जिनिव्हा बॉनेट'. काळ्या मखमलीचं, विद्वानांचं. धर्मसुधारक जॉन नॉक्सच्या विजारीतून ते शिवलं अशी दंतकथा आहे. दुरुस्तीला उसवलं तेव्हा आत १८४९ सालची चिठ्ठी निघाली, नॉक्स १५७२ मध्येच गेलेला. तरी विद्यार्थी विजारीचीच गोष्ट सांगतात. फोटो काढायला पुढे बसा, टोपी एक क्षणच टेकते.

भारतात घालता येईल का?

जाड लोकर आहे. मुंबईत दादर ते परळ एवढ्यात पश्चात्ताप होईल. साताऱ्यात डिसेंबरची पहाट, पाचगणी-महाबळेश्वरची थंडी, तिथे मजेत. महाबळेश्वर वसवणारा गव्हर्नर जॉन माल्कम स्कॉटलंडच्या लँगमचा, त्यामुळे टोपीला तिथे माहेरी आल्यासारखं वाटेल. विणलेला सुती टॅम मात्र पुण्याच्या हिवाळ्यातही चालतो.

गोंडा तुटला. नवीन टोपी घ्यायची का?

छे. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापा, मध्ये भोक. दोन्ही एकत्र धरून लोकर गुंडाळत राहा, भोक भरेपर्यंत. बाहेरच्या कडेने कात्री चालवा, दोन चकत्यांच्या मधून दोरा घट्ट बांधा, चकत्या फाडून काढा आणि कात्रीने गोल करा. जुन्या स्वेटरची उसवलेली लोकर चालते. माझ्या बॉनेटवरचा आताचा गोंडा मुलीच्या बालवाडीतल्या लाल मफलरचा आहे, जरा तिरका आहे, तिनेच केलाय.